विकीवरच्या लिंका पुन्हा पुन्हा तुटतात: कुठे बघायचं, काय बदलायचं

तिसऱ्या पाळीत रात्री दोन वाजता हायड्रॉलिक प्रेस थांबला. ऑपरेटरने पॅनेलवर चिकटवलेला क्यूआर कोड मोबाईलवर स्कॅन केला, तर समोर आलं की या नावाचं पानच नाही. पान होतं. आठवड्यापूर्वी मीच त्यात सील किटचा पार्ट नंबर दुरुस्त केला होता. सकाळी कामावर पोचलो तर फोरमन मामा दारातच उभे. "साहेब, तुमच्या विकीपेक्षा माझी डायरी बरी. निदान उघडते तरी."

भोसरी एमआयडीसीतला मध्यम आकाराचा कारखाना. मशीनची माहिती, ब्रेकडाउनच्या नोंदी, कामाच्या पद्धती हे सगळं आम्ही मीडियाविकीवर (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) ठेवतो आणि त्याची देखभाल माझ्याकडे आहे. दर तीन-चार महिन्यांनी हेच व्हायचं. ढीगभर लिंका मरायच्या, मी दोन शनिवार बसून त्या एकेक करून जिवंत करायचो, आणि पुढच्या तिमाहीत पुन्हा तेच. पाचव्या वेळी लक्षात आलं की मी दर वेळी लिंक दुरुस्त करतोय; पलीकडच्या पानाचं नाव कोण, कधी आणि का बदलतंय तिकडे बघतच नाही. ज्यांच्याकडे असाच प्रकार चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं मीडियाविकीची आहेत, पण दुसरं काही वापरत असाल तरी दुखणं बहुतेक हेच निघेल.

आधी लिंक कशी तुटली आहे ते बघा

लाल लिंक सगळ्यात सोपी. त्या नावाचं पान नाही, एवढंच ती सांगते. तिच्यावर क्लिक करा. पान पूर्वी असेल आणि कुणी काढलं किंवा हलवलं असेल तर मीडियाविकी तिथेच नोंद दाखवतं: कोणी, कोणत्या तारखेला, काय कारण देऊन. ही नोंद न वाचता नवं पान लिहायला बसू नका. तसं केलं की एका मशीनची दोन पानं होतात, आणि मग ऑइल ग्रेड एका पानावर ६८ आणि दुसऱ्यावर ४६. हे आमच्याकडे झालेलं आहे.

लिंक निळी आहे, पान उघडतं, पण कोरं. म्हणजे कुणीतरी मजकूर कॉपी करून दुसऱ्या नावाच्या पानावर चिकटवला आणि जुनं पान पुसलं. हलवण्याच्या नोंदीत याचा मागमूस नसतो, कारण पान हललेलंच नसतं. जुन्या पानाचा इतिहास उघडा, शेवटच्या बदलात सगळा मजकूर गेलेला दिसेल. अशा बदलाला मीडियाविकीची नवी आवृत्ती आपणहून खूण लावते, त्यामुळे अलीकडच्या बदलांमध्ये ती खूण गाळणीत टाकून सगळे प्रकार एकत्र बघता येतात. यात लिंकपेक्षा मोठं नुकसान वेगळं आहे. कोणता बदल कुणी केला याचा इतिहास जुन्याच पानावर राहतो आणि नव्या पानाचा सगळा मजकूर चिकटवणाऱ्याच्या नावावर जमा होतो. प्रशासकाला दोन्ही इतिहास एकत्र करता येतात, पण नव्या पानावर पुढचे बदल सुरू व्हायच्या आत केलेलं बरं.

पान उघडतं, पण त्यावर नुसता बाण आणि दुसऱ्या पानाचं नाव. हे दुहेरी पुनर्निर्देशन (पुनर्निर्देशन म्हणजे जुन्या नावावरून दुसऱ्या पानाकडे आपोआप नेणारी वाट). मीडियाविकी आपणहून एकच उडी मारतं. पान एकदा हलवलं, सहा महिन्यांनी पुन्हा हलवलं, की सगळ्यात जुन्या नावावरून येणारा माणूस मधल्या पायरीवर अडकतो. विशेष पानांमध्ये याची यादी असते. पहिल्या बाणाचं तोंड थेट शेवटच्या पानाकडे वळवायचं, दोन मिनिटांचं काम.

क्लिक केलं तर काहीच होत नाही, असाही एक प्रकार आहे. लिंक शेअर्ड ड्राइव्हवरच्या फाइलची असते. विकीच्या सेटिंगमध्ये तशा पत्त्यांना परवानगी दिली तरी क्रोम आणि फायरफॉक्स वेबपानावरून कॉम्प्युटरच्या फाइलकडे जाऊ देत नाहीत, आणि चूक दाखवायचीही तसदी घेत नाहीत. त्यातून प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर ड्राइव्हचं अक्षर वेगळं. यावर इलाज शोधत बसू नका. फाइल विकीवर अपलोड करा.

सगळ्यात लबाड प्रकार शेवटचा. लिंक निळी, पान बरोबर, पण 'तेल बदलणे' या भागावर जायच्या ऐवजी पानाच्या माथ्यावर येऊन थांबते. कुणीतरी मथळ्यात 'तेल बदलणे'चं 'ऑइल बदलण्याची पद्धत' केलेलं असतं. हे कोणत्याही यादीत दिसत नाही, लाल होत नाही, तक्रारही येत नाही. लोक वैतागून खाली सरकवत राहतात, एवढंच. ज्या भागावर बाहेरून लिंका येतात त्याला मथळ्यावर अवलंबून नसलेली आपली एक खूण द्या. मथळ्याच्या वर एचटीएमएलच्या स्पॅन टॅगमध्ये आयडी लिहिला की झालं, मग मथळा कितीही वेळा बदला. संगणक-संशोधक डग्लस एंगलबर्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत जी प्रणाली लोकांसमोर चालवून दाखवली, तिच्यात दस्तऐवजातल्या प्रत्येक विधानाला स्वतःचा पत्ता होता. आपण आजही परिच्छेदापर्यंत पोचायला हाताने आयडी लिहितोय.

आमच्याकडचा खरा गुन्हेगार

हे सगळे प्रकार आमच्याकडे होतेच, पण दर तिमाहीला ढिगाने लिंका मरत होत्या त्याचं कारण निराळं निघालं. काढून टाकलेल्या पानांची नोंद तारखेप्रमाणे लावली आणि आमच्या ऑडिटच्या तारखा शेजारी ठेवल्या. दोन्ही जुळल्या.

ऑडिट जवळ आलं की गुणवत्ता विभागात साफसफाई निघते. जुने क्रमांक, जुनी नावं, 'दिसायला नकोत' अशी पानं काढून टाकायची. त्यात पुनर्निर्देशनंही जायची, कारण यादीत ती रिकाम्या पानांसारखी दिसतात. काढणाऱ्या ताईंचा काही दोष नाही. त्यांच्या दृष्टीने तो कचराच होता, आणि तो कचरा नाही हे मी कधी सांगितलंच नव्हतं. पान हलवताना मीडियाविकी जुन्या नावावर आपोआप पुनर्निर्देशन ठेवतं ते याचसाठी. तो टपालखात्याचा 'पत्ता बदलला आहे' असा शेरा आहे. शेरा फाडला की पत्र परत.

ताईंचा मुद्दा असा की जुनं नाव राहिलं तर ऑडिटर विचारणार. मग आयएसओ ९००१ या गुणवत्ता-मानकाचं ७.५ कलम आम्ही दोघांनी शेजारी बसून वाचलं. त्यात म्हटलंय की कागदपत्र जिथे आणि जेव्हा लागेल तिथे मिळालं पाहिजे आणि बदलांवर नियंत्रण हवं. जुन्या नावावरून चालू आवृत्तीकडे नेणारी वाट या दोन्हींत बसते. उलट ती काढली तर रात्री दोन वाजता प्रेससमोर उभ्या माणसाला कागदपत्र मिळत नाही, आणि नियमभंग झालाच तर तो तिथे होतो. ताईंना हे पटलं. आता पान काढण्याचा अधिकार तीन जणांकडे आहे आणि काढण्याआधी एक गोष्ट बघणं सक्तीचं आहे: 'येथे काय जोडले आहे'.

या दुव्याकडे फार कमी लोक बघतात, आणि या विषयात त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये सर्न या संशोधनसंस्थेला जो प्रस्ताव दिला त्याचं मूळ याच दुखण्यात होतं. माणसं दोन-दोन वर्षांत निघून जातात आणि कोणती गोष्ट कशाशी जोडलेली आहे ही माहिती त्यांच्याबरोबर जाते. पण त्यातून जे जाळं उभं राहिलं त्यात लिंक एकाच दिशेने जाते. मी तुमच्याकडे बोट दाखवतो, तुम्हाला पत्ता नसतो, तुम्ही जागा बदलता आणि माझं बोट हवेत. त्याच काळात ऑस्ट्रियातल्या ग्राझचं हायपर-जी आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनचं मायक्रोकॉझम या प्रणालींनी लिंका मजकुरात न ठेवता वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवल्या होत्या, म्हणजे दोन्ही टोकं माहीत. ते जगभर पसरलं नाही. पण कारखान्याच्या चार भिंतींत आपल्याला जग सांभाळायचं नाही, आणि मीडियाविकी तर कोणत्या पानावरून कुठे लिंक जाते याचा तक्ता डेटाबेसमध्ये ठेवतंच. म्हणजे हलवण्याआधी, काढण्याआधी विचारता येतं, माझ्यावर कोण अवलंबून आहे?

एक खाचखळगा. हा तक्ता कधीकधी शिळा असतो. साच्यात (म्हणजे अनेक पानांत वापरल्या जाणाऱ्या सामाईक मजकुरात) बदल केला की तो वापरणाऱ्या सगळ्या पानांच्या लिंका नव्याने मोजायचं काम रांगेत लागतं, आणि मूळ सेटिंगमध्ये ही रांग लोकांनी पानं उघडली की थोडीथोडी पुढे सरकते, साधारण एका भेटीला एक काम. मोठ्या संकेतस्थळावर हे खपून जातं. आमच्याकडे रविवारी विकी कुणी उघडतच नाही, त्यामुळे रांग दिवसेंदिवस तुंबून असायची आणि 'येथे काय जोडले आहे' खोटं बोलायचं. मेंटेनन्स फोल्डरमधली रनजॉब्स नावाची स्क्रिप्ट क्रॉनवर (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) लावली, दर दहा मिनिटांनी. तेव्हापासून यादीवर विश्वास ठेवता येतो.

दिसायला एक, आतून दोन

हा भाग मराठीत विकी चालवणाऱ्यांनी नीट वाचावा, कारण इंग्रजी मदतपुस्तिकांत तो सापडणार नाही.

'ॲसिड टाकीची सफाई' हे पान होतं. स्टोअरच्या पानावरून त्याची लिंक लाल. नाव अक्षरशः तेच. दोन्ही नावं एकाखाली एक ठेवून मी भिंग लावल्यासारखी बघितली, तरी फरक दिसेना. मजकूर कॉपी करून चिकटवला की लिंक चालायची, हाताने टाइप केला की लाल. मला वाटलं सर्व्हर बिघडला.

फरक पहिल्या अक्षरात होता. 'ॲ' दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक अखंड अक्षर, जे युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जागतिक क्रमांक-यादीत, २००८ च्या ५.१ आवृत्तीत आलं. दुसरा साधा 'अ' आणि त्यावर वेगळा चंद्र, 'अॅ'. डोळ्याला दोन्ही एकच, मशीनला दोन वेगळे शब्द. आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून एक येत होता, मोबाईलवरून दुसरा. तसंच 'तिसऱ्या पाळीची नोंद' या पानाचं. त्यातला अर्धा र नुक्त्याच्या ऱ पासूनही करता येतो आणि साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह जोडूनही करता येतो. मीडियाविकी नावं साठवताना युनिकोडच्या नियमाने एकसारखी करून घेतं, पण या दोन जोड्या त्या नियमात बसत नाहीत. त्यामुळे दोन पानं बिनबोभाट शेजारी नांदतात.

कोणता प्रकार आहे हे ओळखायला साधन लागत नाही. कर्सर 'ॲ'च्या लगेच पुढे ठेवा आणि बॅकस्पेस एकदा दाबा. अख्खं अक्षर गेलं तर अखंड. नुसता चंद्र गेला आणि 'अ' उरला तर जोडलेला. 'ऱ्या'च्या बाबतीत काना आणि य खोडून बघा. उरलेल्या र खाली नुक्ता दिसला तर ऱ, नाही दिसला तर जॉइनर.

हे दोन-चार पानांचं असेल तर हाताने करा. आमच्याकडे पानांची नावं काढून एका छोट्या स्क्रिप्टमधून घातली: चंद्राचे दोन्ही प्रकार एक केले, जॉइनरवाला र ऱ मध्ये बदलला, आणि त्यानंतर जी दोन नावं सारखी झाली त्या जोड्या छापल्या. अकरा जोड्या निघाल्या. मग टायटल ब्लॅकलिस्ट नावाच्या विस्तारात दोन ओळी लिहिल्या, की नव्या पानाच्या नावात 'अ' पुढे सुटा चंद्र किंवा जॉइनर असेल तर पान तयारच होऊ द्यायचं नाही. सुरुवातीला चार शिव्या खाल्ल्या. सूचनेत 'नाव कॉपी करून घ्या, टाइप करू नका' असं लिहिल्यावर शांत झालं.

ऱ्हस्व-दीर्घाची गोष्ट वेगळी. 'दुरुस्ती' आणि 'दुरूस्ती', 'माहिती' आणि 'माहीती'. इथे अडवू नका. प्रेस सुरू करायला आलेल्या माणसाची शुद्धलेखनाची परीक्षा घ्यायची नसते. चुकलेल्या नावाचं पुनर्निर्देशन करून ठेवा आणि विषय सोडा.

नाव बदलू द्या, पत्ता नको

आमच्या विकीत 'शेड २ मधला मोठा प्रेस' असं पान होतं. प्रेस शेड ४ मध्ये गेला. मग तो मोठा राहिला नाही, कारण त्याहून मोठा आला. दर वेळी नाव बदलणं योग्यच होतं, आणि दर वेळी लिंका मरणारच होत्या.

आता पानाचं खरं नाव म्हणजे मशीनचा मालमत्ता क्रमांक, जो स्टोअरच्या रजिस्टरला आहे आणि मशीनवर पत्र्याच्या पट्टीवर ठोकलेला आहे. मशीन शेड बदलेल, कारखाना बदलेल, पट्टी तीच. वर दिसणारं शीर्षक मात्र माणसांच्या भाषेतलं. त्यासाठी डिस्प्लेटायटल वापरतात, पण इथे बरेच जण अडकतात. मूळ सेटिंगमध्ये दिसणारं शीर्षक खऱ्या नावापेक्षा फार वेगळं असू देत नाहीत आणि ते दुर्लक्षित होतं. रिस्ट्रिक्ट डिस्प्लेटायटल ही सेटिंग बंद केली की चालतं. 'मोठा प्रेस', 'शेड चारचा प्रेस', 'जुना प्रेस' ही सगळी त्या पानाची टोपणनावं, प्रत्येकाचं एक पुनर्निर्देशन. लोक शोधताना हवं ते टाइप करतात आणि बरोबर जागी पोचतात.

क्यूआर कोडसाठी आणखी एक पायरी पुढे गेलो, आणि तिथे आणखी एक गोष्ट कळली. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह पत्त्यात तीन बाइट घेतं आणि प्रत्येक बाइट पत्त्यात लिहिताना टक्क्याचं चिन्ह धरून तीन जागा अडवतो. म्हणजे एका चिन्हाला ९ जागा. 'हायड्रॉलिक प्रेस' मध्ये काने, वेलांट्या, हलन्त धरून १५ चिन्हं आहेत. मधली रिकामी जागा मिळवली तर नुसत्या नावाचेच १३६. एवढा पत्ता क्यूआरमध्ये कोंबला की चौकोन मुंगीएवढे होतात आणि पॅनेलवर तेलाचा हात लागला की स्कॅन संपलं.

मीडियाविकीत प्रत्येक पानाला एक आतला क्रमांक असतो; साधनांच्या यादीत 'पानाची माहिती' उघडलं की दिसतो. पत्त्यात क्युरआयडी नावाच्या पॅरामीटरला हा क्रमांक दिला की पान उघडतं. पान हलवलं, नाव बदललं, तरी क्रमांक पानाबरोबर जातो. पान काढून नव्याने केलं किंवा कॉपी-पेस्ट केलं तर मात्र नाही, म्हणून वरचा ताईंबरोबरचा करार महत्त्वाचा. पत्ता आखूड झाल्यामुळे क्यूआरचे चौकोन मोठे झाले आणि चूक सुधारण्याची सगळ्यात वरची, एच पातळी लावता आली, ज्यात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. स्टिकरवर पारदर्शक टेप लावायला विसरू नका. आणि पत्त्यात सर्व्हरचा आयपी क्रमांक अजिबात छापू नका, विकीला अंतर्गत डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हरचा आयपी शोधून देणारी सोय) एक नाव द्या. आमचा पहिला साठ स्टिकरचा संच नेटवर्कवाल्याने राउटर बदलला त्या दुपारी रद्दी झाला.

सध्या महिन्यातून एकदा, पहिल्या शनिवारी, मी चहा घेऊन बसतो आणि विशेष पानांतल्या याद्या चाळतो: दुहेरी पुनर्निर्देशनं, कुठेच न पोचणारी पुनर्निर्देशनं, हवी असलेली पण नसलेली पानं, आणि जिथे कुठूनच लिंक येत नाही ती पोरकी पानं. वीस मिनिटं लागतात. पोरक्या पानांत कधीकधी सोनं सापडतं. कंप्रेसरच्या व्हॉल्व्हवर कुणीतरी लिहिलेली उत्तम टीप दोन वर्षं तिथे पडून होती, कारण तिला कुणी कुठून जोडलंच नव्हतं.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. मशीन बनवणाऱ्या कंपनीची पीडीएफ मॅन्युअलं आम्ही अपलोड करतो आणि थेट पान क्रमांकाला लिंक देतो. नवी आवृत्ती त्याच नावाने चढवली की लिंक चालू राहते, पण पान चौदावर पूर्वी सर्किटची आकृती होती, आता तिथे सुरक्षासूचना. लाल होत नाही, कोणत्याही यादीत येत नाही. सध्या लिंकशेजारी आकृतीचा क्रमांक आणि मॅन्युअलची आवृत्ती हाताने लिहितो. मामा म्हणतात की ते त्यांच्या डायरीत पहिल्यापासून असंच लिहितात.